तीयल बिघडतं ते खोबरं भाजतानाच

तुमचा प्रश्न असा: त्रिवेंद्रमला एका घरी छोट्या कांद्यांचं तीयल, म्हणजे भाजक्या खोबऱ्याचं आणि चिंचेचं केरळी कालवण, खाल्लंत, आवडलं, आणि पुण्यात परत आल्यावर करून पाहिलंत. पाकिटातलं डेसिकेटेड खोबरं धणेपूड-तिखटासकट मोठ्या आचेवर पाचेक मिनिटांत लाल केलंत. साधा कांदा परतून त्यात बाटलीतला चिंचेचा कोळ आणि वाटण एकदमच घातलंत. रंग छान आला, पण चव कडवट, आंबटपणा वेगळाच दात दाखवणारा, आणि वर तेलाचा तवंग नाही. मग गूळ घातलात, गरम मसाला घातलात, आणि शेवटी ताटात पडली ती अर्धवट मालवणी आमटी.

दक्षिण केरळात बरीच वर्षं राहून मी तिथल्या बायकांच्या हाताखाली हा पदार्थ शिकले आणि आता इथे शिकवते. तीयलबद्दलची दहातली नऊ गाऱ्हाणी एकाच जागेवरून येतात: खोबरं आणि चिंच ही दोन्ही कच्ची असताना एकत्र येतात. तीयलमध्ये खोबरं पूर्ण भाजून व्हायला हवं, चिंच पूर्ण उकळून व्हायला हवी, आणि मगच त्यांची गाठ घालायची. भाजी, फोडणी, मीठ हे सगळं त्यानंतरचं.

आधी पदार्थाचा पत्ता सांगते, कारण त्यावरून काय घालायचं नाही हे कळतं. तीयल हे मुख्यतः जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या भागातलं: त्रिवेंद्रम, कोल्लम, आणि त्याखालचा नागरकोविलचा पट्टा. तो कन्याकुमारी जिल्हा 1956 मध्ये भाषावार प्रांतरचनेत तमिळनाडूकडे गेला, पण तिथल्या स्वयंपाकघरांत तीयल तसंच राहिलं. मलबारकडे म्हणजे कोळिकोड-कन्नूरकडे भाजक्या खोबऱ्याचं वाटण असतं, पण त्याचा बाज वेगळा. तीयलमध्ये लवंग, दालचिनी, बडीशेप, दगडफूल यांपैकी काहीही नाही. लसूण नाही, आलं नाही. मसाला म्हणजे धणे, सुकी मिरची, मेथीचे मोजके दाणे, कढीपत्ता, आणि काही घरांत थोडी मिरी. मालवणी वाटणाशी याचं नातं दिसतं ते केवळ भाजलेल्या ओल्या खोबऱ्यामुळे. गरम मसाला पडला की ते नातं इतकं घट्ट होतं की तीयल उरतच नाही. तीयल खाताना खोबऱ्यामागून धणे ओळखू यायला हवेत, हीच त्याची खूण.

चार जणांसाठी माझं प्रमाण: किसलेलं ओलं खोबरं दीड वाटी भरून, छोटे कांदे पाव किलो सोलून आणि वर चार-पाच वाटणासाठी, अख्खे धणे दीड मोठा चमचा, सुक्या मिरच्या पाच-सहा, मेथीचे आठ-दहा दाणे, मिरी सहा-सात, कढीपत्त्याच्या दोन काड्या, हळद पाव चमचा, चिंच साधारण 25 ग्रॅम म्हणजे मोठ्या आवळ्याएवढा गोळा, खोबरेल तीन मोठे चमचे, मोहरी, मीठ. मेथीच्या दाण्यांची मोजणी हसण्यावारी नेऊ नका. अर्धा चमचा मेथी पडली की कडूपणा तिथेच आला, मग खोबरं कितीही नीट भाजा.

आता खोबरं. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं आणि एक तृतीयांशाच्या आसपास तेल. जोवर ते पाणी आहे तोवर खोबऱ्याचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि खरपूस रंग-वास येण्यासाठी त्याच्या बरंच वर जावं लागतं. म्हणून पहिली दहा-बारा मिनिटं कढईत काहीच घडत नाहीये असं वाटतं. वाफ निघते, कीस जड असतो, कालथ्याला चिकटतो. इथेच माणसं कंटाळून आच वाढवतात. मग काय होतं? बाहेरचे बारीक तुकडे करपतात आणि जाडसर कण आतून ओलेच राहतात. वाटल्यावर दोन्ही एकत्र होतात, म्हणजे करपल्याचा कडूपणाही येतो आणि कच्च्या नारळाचा गोडसर चोथाही. तुमच्या तीयलमध्ये नेमकं हेच झालंय, फक्त डेसिकेटेड खोबऱ्यामुळे आणखी लवकर झालं. त्यात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे ते थेट रंग धरायला लागतं आणि मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटांत हातातून जातं.

तर आच मध्यमपेक्षा कमी. जाड बुडाची कढई घ्या. भाजण्यासाठी लोखंडी कढई उत्तम, केरळात हेच काम चीनचट्टीत करतात. एक चमचा खोबरेल घाला, त्यात खोबरं, वाटणासाठीचे चिरलेले कांदे आणि एका काडीचा कढीपत्ता टाका. कांदे खोबऱ्याबरोबरच भाजायचे. त्यांचं पाणी सुटून भाजण्याची गती आणखी मंदावते, आणि ते बरंच आहे. हात थांबवायचा नाही. पाणी संपलं की कीस सुटा होतो, कालथ्यावरून सरसर घसरायला लागतो, आवाज बदलतो. ओल्या फसफशीऐवजी कोरडा खसखस आवाज येतो. त्यानंतर हस्तिदंती, मग सोनेरी, मग बदामी. इथवर वास करंजीच्या सारणासारखा गोड असतो, आणि इथे थांबलात तर उत्तम करंजी होईल, तीयल होणार नाही. आणखी पुढे जायचंय. रंग चिंचोक्याच्या सालीइतका गडद, तांबूस तपकिरी व्हायला हवा. बदामीपासून तिथपर्यंतचा प्रवास तीन-चार मिनिटांत उरकतो, म्हणून या टप्प्यावर फोन आला तर घेऊ नका. दीड वाटी खोबऱ्याला एकूण वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. ज्या रेसिपीत सात मिनिटं लिहिलेली असतात ती एकतर बदामीवर थांबणारी असते किंवा लिहिणाऱ्यानं घड्याळ पाहिलेलं नसतं.

चिंचोकी रंगाच्या किंचित आधी गॅस बंद करायचा. जाड कढई पुढे मिनिटभर तरी भाजत राहते. मी तर बंद करून लगेच ताटात काढते आणि पसरते. कढईतच ठेवलं तर तळचा थर काळा होतो आणि तुम्हाला वाटतं आपण तर वेळेवर बंद केलं होतं.

धणे-मिरचीचं काय करायचं, यावर केरळातही घरोघरी मतभेद आहेत. काहीजणी खोबरं तपकिरी होऊन गॅस बंद केल्यावर गरम कढईतच धणेपूड आणि तिखट घालतात, तेवढ्या उष्णतेवर पूड भाजली जाते. ही चांगली पद्धत आहे. पूड सुरुवातीला घालणं मात्र कधीच चालणार नाही. वीस मिनिटं सोडा, पाच मिनिटांतही धणेपूड जळते, आणि जळलेल्या धण्याचा कडूपणा करपलेल्या खोबऱ्यापेक्षा वाईट लागतो, कारण तो घशात राहतो. माझी स्वतःची पसंती अख्ख्या धण्यांना. ते वेगळ्या छोट्या कढईत अर्धा चमचा तेलावर मंद भाजायचे, निम्मे झाले की मिरच्या, मिरी आणि अगदी शेवटी मेथी. मेथी तांबूस झाली की लगेच उतरवायची. दोन भांडी पडतात हे खरं, पण प्रत्येक जिन्नसाला त्याचा वेळ मिळतो.

मिरची कुठली, हे इथे तितकंसं महत्त्वाचं नाही. तीयलचा रंग खोबऱ्याचा असतो, मिरचीचा नसतो. आपल्याकडे ब्याडगी घ्यावी आणि तिखट हवं असेल तर एखादी लवंगी मिसळावी, एवढं पुरे.

वाटताना आणखी एक चूक सर्रास होते. भाजलेलं खोबरं मिक्सरमध्ये टाकलं की लगेच पाणी ओततात. पूर्ण थंड झाल्यावर धणे-मिरचीसकट आधी कोरडंच फिरवा, थांबून थांबून, भांड्याच्या कडा खरवडत. भाजलेल्या खोबऱ्यातलं पाणी गेलेलं असतं आणि तेल उरलेलं असतं. कोरडं वाटत राहिलं की काही मिनिटांत तेल बाहेर येतं आणि चूर्णाचा ओलसर, चकचकीत गोळा होतो. त्याच्यानंतर दोन-तीन चमचे पाणी घालून गुळगुळीत करा. सुरुवातीलाच पाणी घातलंत तर कण पात्यांभोवती नुसते पोहत राहतात, वाटण रवाळ राहतं आणि त्यातलं तेल आतच अडकतं. तुमच्या तीयलवर तवंग का आला नाही, याचं एक कारण हे. दुसरं कारण डेसिकेटेड खोबरं असू शकतं, कारण काही पाकिटांत तेल काढून घेतलेला कीस असतो. पाकिटावर चरबीचं प्रमाण वाचा. शंभर ग्रॅमला साठच्या वर असेल तर पूर्ण तेलाचा आहे.

ओला नारळ मिळत नसेल, विशेषतः परदेशात राहणाऱ्यांना, तर भारतीय दुकानातलं गोठवलेलं किसलेलं खोबरं डेसिकेटेडपेक्षा कितीतरी बरं. ते पूर्ण वितळू द्यायचं, सुटलेलं पाणी पिळून टाकायचं नाही, तसंच भाजायचं. वेळ थोडा जास्त लागेल, इतकंच. डेसिकेटेडच वापरायचं असेल तर त्यावर चार चमचे गरम पाणी शिंपडून पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि मग मंद आचेवर भाजा. घाटावर कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला वापरतात ती सुक्या खोबऱ्याची वाटी इथे मला पटत नाही. तिला स्वतःचा जुना, तेलकट वास असतो. काळ्या रश्श्यात तो शोभतो, चिंचेबरोबर मात्र तो खवट भासतो.

आता चिंच. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून दीड वाटी कोळ काढा आणि गाळून घ्या. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा, आणि ते उकळून उडून जात नाही. हे नीट समजून घ्या, कारण "चिंच उकळली की आंबटपणा कमी होतो" असं सगळे म्हणतात. उकळल्यावर जातो तो कच्चा वास. आंबटपणा आहे तेवढाच राहतो, उलट पाणी आटलं की जास्तच जाणवतो. म्हणजे चिंच जास्त पडली तर उकळत बसून काही साधत नाही. ती सुरुवातीलाच बेताची घ्यायची, आणि घेतलेली मात्र वास जाईपर्यंत उकळायची. कच्चा वास गेला की नाही हे पातेल्यावर वाकून नाकानंच ठरवायचं. साधारण सात-आठ मिनिटं खळखळ उकळी लागते.

बाटलीतला काळा, दाट कोळ फार तीव्र असतो आणि बहुधा आधीच शिजवून आटवलेला असतो. तो तुम्ही किती घातलात ते लिहिलेलं नाही, पण दोन चमचे घातले असतील तर आंबटपणाचं वेगळं कारण शोधायला नको. अर्ध्या चहाच्या चमच्यापासून सुरुवात करा, दीड वाटी पाण्यात विरघळवा, चाखा, मग वाढवा. घरची मीठ लावून ठेवलेली चिंच असेल तर तीयलचं मीठ अर्ध्यावर आणा आणि शेवटी पाहून घाला. नव्या चिंचेचा कोळ उजळ आणि जरा फळासारखा लागतो, जुनी चिंच काळी आणि खोल. तीयलला मी जुनी घेते.

कोकम घालू का, असं आपल्याकडे हमखास विचारलं जातं. केरळात कोकमाचाच भाऊबंद, कुडमपुळी, माशांच्या कालवणात भरपूर वापरतात. पण भाज्यांच्या तीयलमध्ये चिंचच. कोकमाचा आंबटपणा लवकर वर येतो आणि लवकर विरतो, तर चिंचेच्या कोळाला स्वतःचा दाटपणा आणि किंचित गोडवा असतो. भाजलेल्या खोबऱ्याच्या जडपणाला तोच पेलतो.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं. चिंच घातल्यावर लोखंडी कढई नको: रंग शाईसारखा होतो आणि जिभेवर लोखंड येतं. ॲल्युमिनियम नको, बिनकल्हईचं पितळ तर मुळीच नको. म्हणजे भाजायला लोखंडी आणि शिजवायला दुसरं. मातीचं भांडं असेल तर लक्षात ठेवा की ते गॅस बंद केल्यावरही बराच वेळ उकळत राहतं, म्हणून तीयल हवं त्यापेक्षा थोडं पातळ असतानाच बंद करायचं.

कांदे छोटेच हवेत का? हवेत. मुंबईत माटुंग्याच्या बाजारात सांबार कांदे किंवा मद्रासी कांदे म्हणून मिळतात, पुण्यातही दाक्षिणात्य माल ठेवणाऱ्या दुकानांत सापडतात. सोलायचा कंटाळा हेच त्यांचं खरं वैर. दहा मिनिटं कोमट पाण्यात टाकले की साल झटकन निघते. मोठा कांदा चिरून घातला तर तो विरघळतो, रश्शाला गोड करतो आणि मग तुम्हाला चिंच वाढवावीशी वाटते. छोटा कांदा अख्खा राहतो. बाहेरून आंबट-तिखट आणि आत गोड, अशी त्याची मजा आहे. अगदीच नाही मिळाले तर लहानातले लहान कांदे घेऊन, मूळ न कापता, चार फोडी करा म्हणजे पाकळ्या सुटणार नाहीत.

हे सगळं तयार झालं की उरलेलं काम पाऊण तासाचंही नाही. दोन चमचे खोबरेलावर कांदे हळद आणि चिमूटभर मीठ घालून परता. पारदर्शक होऊन थांबू नका, ठिकठिकाणी तपकिरी डाग पडू द्या आणि सुरी सहज आत जाईल इतके मऊ होऊ द्या. याला कारण आहे. आम्लात भाजी लवकर मऊ होत नाही, तिचा कडकपणा टिकून राहतो. कच्चट कांद्यावर चिंचेचा कोळ ओतलात तर नंतर अर्धा तास उकळूनही मधला गाभा करकरीतच लागेल. म्हणून भाजी आधी शिजवायची, मग चिंच. कोळ ओतून, झाकण न ठेवता उकळी, कच्चा वास जाईपर्यंत. मग वाटण, आणि मिक्सरचं भांडं धुतलेलं अर्धी वाटी गरम पाणी. आता आच मंद. दहा ते पंधरा मिनिटं, अधूनमधून तळापासून ढवळत. कडेला आधी बारीक थेंब दिसतात, मग ते जुळून तपकिरी-लालसर तवंग येतो. तवंग आला की तीयल झालं. वरून एक चमचा खोबरेलात मोहरी, एक सुकी मिरची आणि कढीपत्ता यांची फोडणी.

खोबरेलाला पर्याय मागू नका अशी विनंती आहे. महाराष्ट्रात खोबरेल म्हटलं की डोक्याला लावायचं तेल आठवतं आणि लोक शेंगदाणा तेलावर येतात. खाण्याचं म्हणून विकलं जाणारं, भाजक्या खोबऱ्याच्या वासाचं खोबरेल आणा. केरळी दुकानात मिळतं. निदान शेवटच्या फोडणीला तरी तेच.

आता गूळ. तुम्ही तो बिघडलेलं सावरायला घातलात. कडवट तीयल गुळानं सुधारत नाही, ते कडू-गोड होतं, एवढंच. जास्त आंबट झालं असेल तर गूळ आंबटपणा झाकतो, पण तीयलचा तोल सांबाराकडे झुकतो. त्यापेक्षा मूठभर खोबरं आणखी भाजून वाटून घालावं, आंबटपणा आपोआप मागे सरतो. मी शिकवताना थोडं कोरडं वाटण बाजूला ठेवायला सांगते ते यासाठीच. जळक्या वाटणाला मात्र उपाय नाही. वाटल्यावर बोटावर घेऊन चाखा, कडू लागलं तर तिथेच टाकून द्या. नारळ जाईल, पण कांदे आणि चिंच वाचतील.

कारल्याच्या तीयलमध्ये काही घरांत चिमटीभर गूळ घालतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कारल्याचं तीयल हे खरं तर कांद्याच्या तीयलपेक्षाही मला जास्त आवडतं, आणि ज्यांच्या घरी कारलं खाल्लं जात नाही त्यांनी एकदा करून पाहावं. कारल्याच्या पातळ चकत्या मीठ-हळद लावून खोबरेलात कडा तपकिरी होईपर्यंत परतायच्या, बरोबर ओल्या नारळाचे नखाएवढे काप तळायचे. पुढचं सगळं तसंच. कारल्याचा कडू, खोबऱ्याचा खरपूस आणि चिंचेचा आंबट यांत कोणी कोणाला दाबत नाही. इथला कडूपणा स्वच्छ असतो, जिभेवर येऊन जातो. जळलेल्या खोबऱ्याचा कडूपणा मागे राखेसारखा रेंगाळतो. दोन्ही एकदा चाखले की फरक कधी विसरत नाही.

वांगी लहान, चार फोडींची, तेलात परतून. शेवग्याच्या शेंगा आधी हळद-मिठाच्या पाण्यात तीन-चतुर्थांश शिजवून घ्या, नाहीतर आम्ल त्यांना तसंच कडक ठेवेल. भेंडी मोठ्या तुकड्यांत, चिकटपणा जाईपर्यंत परतून, आणि वाटणानंतर शेवटच्या पाच मिनिटांत घाला. बटाटा चालतो, पण तो मसाला पिऊन रस्सा मुका करतो, म्हणून एकटा नको. वांगी आणि शेवगा मिळून केलेलं तीयल मला या सगळ्यांत सोपं वाटतं, पहिल्यांदा करणाऱ्याला मी तेच सुचवते.

तुम्ही लिहिलं आहे की व्हिडिओ पाहून एका ठिकाणी "वाटण घातल्यावर उकळू नका" असं ऐकलंत आणि दुसऱ्या ठिकाणी "वीस मिनिटं उकळा". दोघेही बरोबर असतील, पदार्थ वेगळे. दक्षिणेत खोबरं आणि चिंच एकत्र येणारे पदार्थ खूप आहेत आणि त्यांचे दोन तट पडतात. एका बाजूला कच्च्या खोबऱ्याचे. मंगळुरू, कारवार आणि गोव्याकडच्या कोंकणी घरांतली घशी घ्या: कच्चं खोबरं, भाजलेल्या मिरच्या आणि चिंच एकत्र वाटतात, शिजलेल्या कडधान्यात किंवा भाजीत घालून एक चांगली उकळी आणतात आणि उतरवतात. जास्त उकळलं तर खोबऱ्याचा ताजा गोडवा जातो आणि रस्सा फुटल्यासारखा दिसतो. त्रावणकोरकडचं अवियल तर खोबरं, जिरं, हिरवी मिरची भरडसर वाटून नुसत्या वाफेवर होतं. आंबटपणाला घराघराप्रमाणे चिंच, कैरी किंवा दही. दुसऱ्या बाजूला भाजक्या खोबऱ्याचे पदार्थ: तीयल, आणि तमिळ घरांतलं वाटून केलेलं सांबार, ज्यात खोबरं धणे आणि चणाडाळीबरोबर तांबूस भाजतात. भाजलेलं खोबरं लांब उकळीला टिकतं, आणि त्याला ती हवीच असते, कारण तेल आणि वास त्याशिवाय बाहेर येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी सूचना ऐकताना आधी खोबरं कच्चं आहे की भाजलेलं तेवढं पाहा, उकळायचं किती ते त्यावरून कळेल.

घट्टपणाबद्दल मी जरा हट्टी आहे. तीयल भातावर ओतल्यावर वाहून ताटाच्या कडेला जाऊ नये, आणि गोळ्यासारखं बसूही नये. केरळात ते जाड, तांबूस मट्टा भाताबरोबर खातात. आपल्याकडे त्याला सर्वांत जवळचा कोकणातला किंवा गोव्यातला उकडा तांदूळ. बासमतीवर तीयल वाया जातं. बाजूला कोरडी, सौम्य भाजी असावी, जसं कोबीचं किंवा फरसबीचं ओलं खोबरं घातलेलं तोरन, आणि पापड. दुसरी आंबट गोष्ट ताटात नको. तांदळाच्या भाकरीबरोबर आणि घावनाबरोबरही छान लागतं, हे मात्र केरळात मला कोणी शिकवलं नाही.

गॅस बंद केल्यावर निदान दोन तास झाकून ठेवा. सकाळी करून रात्री खाल्लं तर आणखी चांगलं, दुसऱ्या दिवशी सर्वांत चांगलं, कारण कांद्यांत चिंच मुरते. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं. बाहेर काढल्यावर वर पांढरट थर दिसला तर घाबरू नका: खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, थंडीच्या दिवसांत पुण्या-नाशकात ते ओट्यावरही गोठेल. गरम केलं की पुन्हा तवंग होतो. गरम करताना घट्ट झालेलं असेल तर साधं पाणी नको, उकळतं पाणी दोन-तीन चमचे.

आणि एकाच वेळी जास्तीचं करून ठेवायचं असेल तर तयार तीयलऐवजी कोरडं वाटण करून ठेवा. दोन नारळांचं खोबरं भाजा, पण एका कढईत एका वेळी दोन वाट्यांच्या वर घेऊ नका. थर जाड झाला की वाफ आतच कोंडते आणि तासभर ढवळूनही रंग एकसारखा येत नाही. धणे-मिरचीसकट कोरडं वाटून, पाण्याचा थेंब न लावता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. फ्रीझरमध्ये महिनाभर सहज टिकतं. हवं तेव्हा चार मोठे चमचे काढून कोमट पाण्यात कालवायचं, भाजी परतून, चिंच उकळून झाली की घालायचं. ऑफिसातून आल्यावर अर्ध्या तासात तीयल होतं, आणि भाजण्याची ती पंचवीस मिनिटं रविवारी सकाळी, घाई नसताना उरकलेली असतात.